समुद्री गवतावर पाय नको

२२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळलेल्या महाडच्या तळीयेला माती सुटण्याची धास्ती वेगळी सांगायला नको. समुद्राच्या तळाची माती धरून ठेवणारीही मुळे असतात, ती समुद्री गवताची. हे शेवाळ नव्हे. याला फुलेही येतात. सेल्युलर जेल पाहायला आपण अंदमानला जातो, तेथील उथळ समुद्रात हे गवत वाढते. हिरवे कासव आणि अंदमानचा राज्यप्राणी डुगाँग, म्हणजे समुद्री गाय, ते चरतात. होडीचा नांगर ओढला गेला किंवा कुणी गवतावर उभे राहिले की मुळे उखडतात, पाणी गढूळ होते आणि पानांना ऊन मिळत नाही. म्हणून नांगर वाळूत टाकायला सांगा, तरंगतच पाहा. श्वास घ्यायला वर येणाऱ्या प्राण्याची वाट अडवू नका.