अजिंठ्याची चित्रे आणि पर्यटनाची मर्यादा

अजिंठ्याच्या चित्रांचे रक्षण व त्यांवर चालणारे पर्यटन यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा विचार चित्रांच्या घडणीपासून करावा लागतो. युरोपातील फ्रेस्को पद्धतीत रंग ओल्या चुन्यावर देतात व चुना वाळताना ते त्यात बद्ध होतात. अजिंठ्याची पद्धती याहून भिन्न आहे. तेथे खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, वाळू व वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर पातळ पांढरा थर आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी रचना आढळते. असा लेप ओलाव्याने फुगतो, वाळताना आकसतो आणि कालांतराने भिंतीपासून सुटतो.

प्रत्येक प्रेक्षक श्वासावाटे बाष्प, शरीरावाटे उष्णता व पावलांबरोबर धूळ आत आणतो. या लेण्यांत हवा खेळण्यास मुख्यतः दर्शनी बाजूचीच वाट असल्याने गर्दीबरोबर आर्द्रता चढते व गर्दी ओसरताच उतरते. हा नित्याचा चढउतार लेपास घातक होय. तात्पर्य, उत्पन्न आणि झीज या दोहोंचे उगमस्थान एकच आहे.

प्रवेशशुल्कातून दुरुस्तीचा खर्च भागेल, असा युक्तिवाद यावर केला जातो. तथापि १९२० नंतर हैदराबाद संस्थानाने इटालियन तज्ज्ञांकरवी चित्रांची डागडुजी करविली, तेव्हा लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून काळवंडले आणि ते काढणे हेच एक स्वतंत्र, जोखमीचे कार्य होऊन बसले. गेलेला रंग पैशाने परत मिळत नाही.

फ्रान्समधील लास्को गुहा १९४८ मध्ये प्रेक्षकांस खुली झाली. भिंतींवर शेवाळ धरू लागल्याने १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. १९८३ पासून प्रेक्षक तिची प्रतिकृती पाहतात. अजिंठ्यासही खाजगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर थांबवितात व तेथे काही लेण्यांच्या प्रतिकृतीही उभारण्यात आल्या. मात्र प्रतिकृती उभारणे हा एकवारचा खर्च, तर ती चालविणे हा नित्याचा. दुसऱ्याची तरतूद नसेल तर भार पुन्हा मूळ लेण्यांवरच पडतो.

फर्दापूर परिसरातील वाहनचालक, दुकानदार व उपाहारगृहे यांची उपजीविका या चित्रांवर अवलंबून आहे. म्हणूनच प्रेक्षकसंख्येची मर्यादा बाजारातील मागणीवरून न ठरविता प्रत्येक लेण्यातील आर्द्रतेच्या नोंदींवरून ठरविणे त्यांच्याही हिताचे आहे. भिंत किती सोसते हे प्रथम मोजावे. तिकिटे किती द्यावयाची, हा हिशेब त्यानंतरचा.