लांबच्या राईडसाठी शॉर्ट निवडताना

सायकलिंगच्या शॉर्टमध्ये महत्त्वाचे असते ते पॅड. बाकीच्या लायक्राचे मुख्य काम ते पॅड जागेवर धरून ठेवण्याचे. बिबवेवाडीहून कात्रजचा जुना घाट चढून खेड शिवापूरला जाऊन यायचे, तर बेताची शॉर्टही निभावून नेते. तोच रस्ता शिरवळ, खंबाटकी करत साताऱ्यापर्यंत नेला की जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या वर अंतर भरते आणि चुकीची निवड तिथे काचू लागते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राईडची, मुदत साडेतेरा तासांची असते. एवढा वेळ अंगाचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर असतो.

स्त्रियांमध्ये या दोन हाडांतले अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते. त्यामुळे पुरुषी बेताच्या पॅडचा दाट भाग नेमका हाडांखाली येत नाही. ‘लेडीज’ असे लेबल असले म्हणून काम संपत नाही, कारण बायकाबायकांतही हे अंतर बदलते. ते घरी मोजता येते. कठीण स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवून, पुढे झुकून बसायचे. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर मोजायचे. पॅडचा दाट फोम त्या दोन जागांखाली आला पाहिजे.

दुकानात हात जातो तो सर्वांत जाड आणि मऊ पॅडकडे, आणि बहुतेकदा फसगत तिथेच होते. मऊ फोम तासाभरात दबतो, हाडे सीटला टेकतात आणि मधला फुगीर भाग नाजूक जागी दाब देत घासत राहतो. लांब अंतराला जाडीपेक्षा घनता उपयोगी. अंगठ्याने दाबल्यावर फोमने विरोध करावा आणि सोडताच वर यावे. पॅडच्या मधोमध उंच शिवण नसावी, कडा पातळ होत गेलेल्या असाव्यात.

आरशासमोर ताठ उभे राहून केलेली पारख निरुपयोगी. उभ्याने चांगली शॉर्टही विचित्रच वाटते. हँडल धरल्यासारखे झुकून, गुडघे आळीपाळीने वर घेऊन पाहावे. पॅडला सुरकुती पडू नये, मांडीवरची पट्टी रुतू नये. आत अंतर्वस्त्र घालायचे नसते; त्याच्या शिवणीच अधिक काचतात. संकोचापोटी वरून ढगळ पँट चढवली, तर ती सीटच्या टोकात अडकते. त्यापेक्षा लांब कुर्त्यासारखा टी-शर्ट बरा.

खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट पोटाला आवळत नाही, पण हायवेवरच्या स्वच्छतागृहात जर्सी काढत बसणे सोपे नाही. मागून उघडणारी बिब मिळाली तर उत्तम. नाहीतर रुंद, मऊ कमरपट्ट्याची साधी शॉर्ट आपल्याकडच्या रस्त्यांना अधिक सोयीची.

राईड संपताच शॉर्ट बदलावी. ओलसर पॅडमुळे पुरळ आणि गळवे येतात. धुताना उलटी करावी, सौम्य साबण वापरावा, फॅब्रिक कंडिशनर टाळावा. पावसाळ्यात पॅड लवकर वाळत नाही, म्हणून दोन शॉर्ट लागतातच. लायक्रा विरविरीत झाले किंवा फोम उसळेनासा झाला की ती शॉर्ट बाद.

योग्य शॉर्ट घालूनही बधिरपणा येत असेल, तर दुसरी महागडी शॉर्ट घेण्याआधी सीटची उंची, कल आणि रुंदी तपासून घ्यावी.