डॉकरमधली साखळी : दहा वर्षांचा मागोवा

मार्च 2013 मध्ये डॉकर लोकांपुढे आला. जुना कंटेनर फेकायचा, नवा चालवायचा, ही त्याची रीत. बिटकॉइनची साखळी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचा स्वभाव नेमका उलटा : एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. दोघांचं जमायला वेळ लागला.

सुरुवातीला नोडचा, म्हणजे साखळीची प्रत सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, डेटा कंटेनरच्याच लिहित्या थरात साठायचा. कंटेनर काढला की साखळीही गेली, पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून उतरवा. नोव्हेंबर 2015 मध्ये डॉकर 1.9 ने व्हॉल्यूमसाठी स्वतंत्र कमांड दिली, तेव्हा कुठे डेटाला कंटेनरबाहेर हक्काचं घर मिळालं. जालन्यात हे समजवायला मस्तगड पुरतो. गढी 1725 ची, फारसी शिलालेखासह. निजामाचं राज्य 1948 मध्ये संपलं, 1981 मध्ये जालना जिल्हा झाला, गढीत नगरपालिकेची कचेरीही नांदली. कारभार बदलला, दगड तेच.

पण व्हॉल्यूम असलं म्हणजे निर्धास्त झालो, असं नाही. खरी गोची बंद करताना होते. 'डॉकर स्टॉप' सांगितलं की नोडला आवरायला दहा सेकंदच मिळतात, मग प्रक्रिया सरळ मारली जाते. इथेरियमचा गेथ हा नोड-प्रोग्रॅम ताजी स्थिती मेमरीत ठेवतो आणि बंद होताना डिस्कवर उतरवतो. ते अर्धवट राहिलं की पुढच्या वेळी मागच्या ब्लॉकपासून गाडी ओढावी लागते. ही मुदत वाढवणारी एक ओळ डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये हवीच. कंपोजच्या 'डाउन'ला '-व्ही' जोडलं तर नाव दिलेली व्हॉल्यूमही उडतात, ते वेगळंच!

सप्टेंबर 2022 च्या 'मर्ज'नंतर इथेरियमला एकाऐवजी दोन प्रोग्रॅम लागू लागले, म्हणजे सांभाळायला डेटाच्या जागाही दोन. पूर्ण नोड एक टेराबाइटच्या पुढे गेला. इतका पसारा सिस्टिमच्याच डिस्कवर, डॉकरच्या फोल्डरमध्ये ठेवणं मला पटत नाही. वेगळी एनव्हीएमई डिस्क थेट जोडावी.

त्याच वर्षी गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉनशी जोडले गेले. या साखळीचा प्रकल्प 2017 मध्ये मुंबईत 'मॅटिक' नावाने सुरू झालेला. अशा पद्धतीत साखळीवर सहसा दाखल्याचा अंकीय ठसा असतो. एखाद्या नोडचं व्हॉल्यूम बिघडलं तरी तो ठसा इतर नोडांकडून पुन्हा मिळतो. ज्या खाजगी चावीने तो नोंदवला, तिची प्रत मात्र कुठल्याच नोडवर नसते.