डिजिटल हॅम संचासाठी सॉफ्टवेअरची निवड : देवळाली कॅम्पच्या संदर्भात

प्रस्तावना :
देवळाली कॅम्प हे भारतीय तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. अशा छावणी परिसरात हॅम संचातून चुकीच्या वारंवारतेवर प्रक्षेपण झाल्यास त्याची जबाबदारी परवानाधारकावरच येते. त्यामुळे संचात नोंदी भरणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

विवेचन :
२००५ साली प्रसिद्ध झालेल्या डीएमआर या युरोपीय मानकानुसार १२.५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीवर टाइम स्लॉटच्या योगे दोन संभाषणे चालतात. त्यामुळे प्रत्येक वाहिनीसाठी वारंवारतेबरोबरच टाइम स्लॉट, कलर कोड व टॉकग्रुप नोंदवावे लागतात. या नोंदींच्या संपूर्ण संचिकेस ‘कोडप्लग’ म्हणतात. ती संचाच्या कळफलकावरून भरणे जिकिरीचे असल्याने संगणकाचे साहाय्य घ्यावे लागते.

‘चर्प’ हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या संचांना चालते. मात्र त्याचा भर ॲनालॉग संचांवर आहे. ‘क्यूडीएमआर’ हेही मुक्त असून लिनक्सवर चालते, परंतु ते निवडक डीएमआर संचांपुरतेच आहे. उत्पादकाचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालते. तथापि त्यात त्या मॉडेलच्या सर्व सुविधा उपलब्ध असतात.

निष्कर्ष :
प्रथम संचाचे मॉडेल व फर्मवेअर पाहावे आणि त्यांच्याशी जुळणारेच सॉफ्टवेअर निवडावे. नव्या नोंदी भरण्यापूर्वी मूळ कोडप्लग जतन करावा. भारतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे हॅमसाठी उपलब्ध आहेत. त्यांबाहेरील वाहिन्यांचे प्रक्षेपण ज्यात बंद ठेवता येते, तेच सॉफ्टवेअर छावणीच्या शेजारी इष्ट ठरते.