युद्ध सातासमुद्रापार, बिल घरपोच

सॅन फ्रान्सिस्को ते सायगाव, म्हणजे आजचं हो चि मिन्ह सिटी, हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे दीडशे धरा. चौऱ्याऐंशी वेळा! जाऊन-येऊन बेचाळीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला घाटात एकेक वडापाव. इतक्या लांब जाऊन अमेरिकेने व्हिएतनाममध्ये युद्ध केलं. ते तिच्या स्वतःच्या घरात किती खोल शिरलं, हे सांगणारी पुस्तकं ढिगाने आहेत. आपण आज फक्त आकडे घेऊ. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. मापंही आपलीच आहेत: रेल्वेचे डबे, विहिरी, रुपये आणि अर्थातच मुंबई-पुणे.

आधी माणसं मोजू. एप्रिल १९६९मध्ये व्हिएतनाममध्ये एकाच वेळी ५,४३,००० अमेरिकन सैनिक होते. आपल्या जुन्या स्लीपरच्या डब्यात बर्थ ७२. अठरा डब्यांची गाडी घेतली तर १,२९६ माणसं झोपून जातील. भागाकार करा: ४१९ गाड्या! आणि हा झाला फक्त एका क्षणाचा आकडा. वर्षभराची पाळी संपली की जुने परतायचे, नवे यायचे. सगळं युद्ध मिळून सुमारे २७ लाख अमेरिकन तिथे जाऊन आले. म्हणजे २,०८३ गाड्या. सीएसएमटीवरून दर तासाला एक, रात्रंदिवस, एकही रद्द न होता (हे अशक्य आहे, पण क्षणभर धरू), तरी ८७ दिवस लागतील. गणपती बसले त्या दिवशी पहिली गाडी सोडली, तर शेवटची सुटेस्तोवर दिवाळीचा फराळही संपलेला असेल.

ही माणसं आली कुठून? त्या वर्षांत अमेरिकेत लष्करात जायच्या वयाला आलेले तरुण पुरुष होते सुमारे २ कोटी ७० लाख. म्हणजे दहात एक व्हिएतनामला गेला. आपल्या ७२ बर्थच्या डब्यातले सात जण. यातले पुष्कळसे स्वखुशीने भरती झाले, पण सक्तीच्या भरतीने, ‘ड्राफ्ट’ने, साधारण साडेअठरा लाख तरुणांना सैन्यात ओढलं (सगळ्यांनाच व्हिएतनामला धाडलं असं नाही). आणि ते कसं ओढलं, हा या सगळ्या हिशेबातला मला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो.

१ डिसेंबर १९६९. वॉशिंग्टन. टीव्हीवर थेट प्रक्षेपण. काचेच्या एका मोठ्या बरणीत प्लॅस्टिकच्या ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० या सात वर्षांत जन्मलेल्या तरुणांची ही सोडत. पहिली कुपी उघडली: १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले सगळे रांगेत पहिले! पुढच्या वर्षी १९५व्या क्रमांकापर्यंतच्या तारखांना बोलावणं आलं, उरलेल्या १७१ तारखा सुटल्या. आपल्याकडे पत्रिका मांडायची तर जन्मवेळ हवी, गाव हवं, नक्षत्र हवं. इथे नुसती तारीख पुरली. त्यातही गंमत अशी, की कुप्या नीट ढवळल्याच गेल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा वरच राहिल्या आणि डिसेंबरात जन्मलेल्यांचा नंबर भराभर लागला. संख्याशास्त्रज्ञांनी ते नंतर दाखवून दिलं. तोवर सोडत होऊन गेली होती!

कॉलेजात नाव असेल तोवर भरती पुढे ढकलता येई. म्हणजे फीचे पैसे असलेला वाचण्याची शक्यता जास्त, नसलेला जाण्याची. मुहम्मद अलीने सरळ नाही म्हटलं. पाच वर्षांची शिक्षा, दहा हजार डॉलर दंड, जगज्जेतेपद काढून घेतलं. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण पंचविशीतल्या मुष्टियोद्ध्याची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली, ती कुठलं न्यायालय परत देणार?

आता एक भिंत. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम स्मारक १९८२मध्ये उभं राहिलं. माया लिन या येल विद्यापीठातल्या विद्यार्थिनीने त्याचं संकल्पचित्र केलं तेव्हा ती अवघी २१ वर्षांची होती. काळा गुळगुळीत दगड, लांबी सुमारे १५० मीटर, त्यावर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावं. सरकारी नोंदीप्रमाणे मृत अमेरिकन सैनिक ५८,२२०. एक नाव वाचायला पाच सेकंद द्या. संध्याकाळी डेक्कन क्वीनमध्ये बसा, गाडी हलली की वाचायला लागा. कर्जत, लोणावळा, शिवाजीनगर. सव्वातीन तासांनी पुणे आलं की झाली २,३४० नावं. उतरू नका! अजून चोवीस प्रवास बाकी आहेत. न थांबता वाचलं तर तीन दिवस आणि वर नऊ तास. ओहायो राज्यातलं बील्सव्हिल हे जेमतेम पाचशे वस्तीचं गाव, त्यातले सहा मुलगे या यादीत आहेत.

आणि समोरच्या बाजूची भिंत? ती कुणी बांधली नाही, पण हिशेब करता येतो. व्हिएतनाम सरकारने १९९५मध्ये दिलेला अंदाज असा: २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये. एकूण ३१ लाख. तसाच दगड, तेवढीच अक्षरं घेतली तर ती भिंत आठ किलोमीटरची होईल. सीएसएमटीपासून थेट परळपर्यंत! डेक्कन क्वीनचे १,३२५ प्रवास. या आकड्यात अमेरिकेच्या बाजूने लढून मेलेले दक्षिण व्हिएतनामी सैनिक अजून धरलेलेच नाहीत.

जे परतले, त्यांचंही सगळं परत आलं असं नाही. युद्ध संपून दहा-बारा वर्षं उलटल्यावर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, व्हिएतनाम आणि आसपासच्या युद्धक्षेत्रात गेलेल्या पुरुषांपैकी शंभरातले पंधरा अजूनही आघाताच्या मानसिक आजाराने ग्रस्त होते. जवळपास ४ लाख ७९ हजार माणसं. पुन्हा आपल्या गाड्या काढा: ३७०. या दुखण्याला अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात आजचं नाव मिळालं तेच मुळी १९८०मध्ये.

वजनाकडे वळू. अमेरिकन विमानांनी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर मिळून ७० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सगळ्या जगात मिळून टाकले त्याच्या तिप्पट! अठ्ठावन्न वाघिणींची आपली मालगाडी साधारण साडेतीन हजार टन नेते. म्हणजे २,००० मालगाड्या. एकीच्या पाठीला दुसरी चिकटवून उभ्या करा: मुंबईहून निघालेली ही रांग मथुरा ओलांडून पुढे जाईल. एकट्या लाओसवर ५,८०,००० फेऱ्या झाल्या. सरासरी दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब, दिवसाचे चोवीस तास, सलग नऊ वर्षं. आपली लोकलसुद्धा रात्री दोन-तीन तास झोपते! आणि यातलं बरंचसं वर्षानुवर्षं अमेरिकन जनतेला कळूच दिलं नव्हतं.

बॉम्ब पडले परदेशात, पण रसायन घरी आलं. जंगलाची पानं झाडावीत, शत्रूला लपायला जागा राहू नये, म्हणून १९७१पर्यंत सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशकं विमानांतून फवारली गेली. त्यात सगळ्यांत जास्त ‘एजंट ऑरेंज’. आता विहीर घ्या: वीस फूट व्यासाची, चाळीस फूट पाण्याची, गावात भांडणं लावण्याइतकी चांगली. अशा २१० विहिरी काठोकाठ भरतील. एखाद्या मोठ्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाला एक दिली तरी उरतील. व्हिएतनामी माणसं, तिथली माती आणि पाणी यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पण त्याच फवाऱ्याखाली अमेरिकन सैनिकही होते. आजारी पडलेल्या माजी सैनिकांनी दावा लावला. १९८४मध्ये रसायन कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. कर्करोगासह काही आजार या फवारणीमुळे झाले असं गृहीत धरून भरपाई देणारा कायदा यायला १९९१ उजाडलं.

बरं, एवढ्या सगळ्याला पैसे किती लागले? अमेरिकन संसदेच्या संशोधन विभागाचा अंदाज: त्या वेळचे १११ अब्ज डॉलर, २०११च्या किमतीत ७३८ अब्ज. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ८५ रुपयांचा धरा. सुमारे ६२ लाख ७० हजार कोटी रुपये! भारत सरकारचा २०२५-२६चा अख्खा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. आपली रेल्वे, आपलं लष्कर, आपलं खत, आपलं सगळं त्यात आलं, तरी बारा लाख कोटी कमी पडतात. १४० कोटी भारतीयांत वाटले तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या हातावर ४४,८०० रुपये.

आणि आता हे ऐका. पाचशेच्या शंभर नोटांचं बंडल साधारण एक सेंटिमीटर जाडीचं असतं. ही सगळी रक्कम पाचशेच्या नोटांत काढा आणि बंडलं पुस्तकांसारखी शेजारीशेजारी उभी लावत चला. नोटा होतात सव्वाशे अब्जांच्या वर. रांगेची लांबी १२,५४६ किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्को ते सायगाव! ठरवून आणता आला नसता असा हिशेब: अमेरिकेच्या किनाऱ्यापासून युद्धाच्या दारापर्यंत नोटांची सलग रांग, शेवटच्या पन्नासेक किलोमीटरचा अपवाद.

हे पैसे आले लोकांच्याच खिशातून. काही थेट: १९६८मध्ये आयकरावर दहा टक्के अधिभार बसला. काही महागाईच्या वाटेने: १९६५मध्ये दोन टक्क्यांच्या आत असलेली वार्षिक भाववाढ १९७०पर्यंत सहाला टेकली. गरिबी हटवण्याच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या योजना याच तिजोरीवर उभ्या होत्या. युद्ध आणि या योजना दोन्ही एकदम पोसणं जमेना, आणि ३१ मार्च १९६८ला जॉन्सन यांनी टीव्हीवर येऊन आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं सांगून टाकलं. डॉलरही पातळ होत गेला. १५ ऑगस्ट १९७१ला जॉन्सन यांच्या जागी आलेल्या निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. युद्ध हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण मोठं नक्कीच. तोवर सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता, म्हणजे तोळ्याला तेरा. जानेवारी १९८०मध्ये बाजारभाव औंसाला ८५० वर गेला, तोळ्याला ३१९! मधे तेलाचे दोन भडके उडाले हे खरं, पण बांध फुटला तो १९७१मध्ये.

रस्त्यावर काय चाललं होतं? १५ ऑक्टोबर १९६९ला देशभरात मिळून सुमारे २० लाख लोक युद्धाविरुद्ध बाहेर पडले. ४ मे १९७०ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळीबार केला: ६७ गोळ्या, १३ सेकंद, चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. हा परिच्छेद इथवर वाचायला तुम्हाला त्याहून जास्त वेळ लागला. पुढच्या काही दिवसांत शेकडो कॉलेजं बंद पडली, अंदाजे ४० लाख विद्यार्थी संपावर गेले. मुंबईच्या लोकलमधून रोज होणाऱ्या प्रवासांच्या निम्म्याहून जास्त आकडा, आणि तोही सगळा विशीच्या आसपासचा!

लढायला पाठवता, मग मत का देऊ देत नाही, हा त्या पोरांचा प्रश्न बिनतोड होता. १९७१मध्ये मतदानाचं वय २१वरून १८वर आणणारी घटनादुरुस्ती शंभर दिवसांत राज्यांकडून मंजूर झाली. अमेरिकेच्या इतिहासात इतक्या वेगाने दुसरी कुठलीच झाली नाही. एका फटक्यात १ कोटी १० लाख नवे मतदार, जवळजवळ एक मुंबई! दोन वर्षांत सक्तीची भरतीही बंद झाली, ती आजतागायत बंद आहे.

पण एक गोष्ट कुठल्याही दुरुस्तीने परत आली नाही. १९६४मध्ये ७७ टक्के अमेरिकनांना वाटे की सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं. आपल्या ७२ बर्थच्या डब्यातले ५५ जण. मग ‘पेंटॅगॉन पेपर्स’ फुटले. सात हजार पानं, सरकार आत एक म्हणतं आणि बाहेर दुसरं याचा सरकारनेच लिहिलेला पुरावा. मागोमाग निक्सन यांची खुर्ची घालवणारं वॉटरगेट प्रकरण. १९७४मध्ये डब्यात विश्वास ठेवणारे उरले २६.

या सगळ्यात एक आकडा असा, की त्यावर हसू येतं. १९७५मध्ये सायगाव पडलं आणि सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले, आपल्या गाड्यांनी ९६. कॅलिफोर्नियातल्या एका छावणीत हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ची नायिका टिपी हेड्रन मदतीला जायची. तिथल्या बायकांना तिच्या रंगवलेल्या नखांचं फार अप्रूप. तिने आपली मॅनिक्युरिस्ट आणली, वीस जणींना काम शिकवलं. वीस! आज अमेरिकेत नखं सजवण्याचं काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएतनामी वंशाचे आहेत, आणि तिथली व्हिएतनामी वस्ती वीस लाखांच्या वर गेली आहे.

आता शेवटचं बिल. व्हिएतनामच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मिळणारी भरपाई २०१३मध्ये वर्षाला २२ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. त्याच ८५च्या दराने सेकंदाला ५९,३०० रुपये! कर्जतला घाट चढायला जादा इंजिनं लागेस्तोवर गाडी तीन मिनिटं थांबली, तर तेवढ्यात एक कोटी सात लाख. मुंबई ते पुणे पोचेपर्यंत ६९ कोटी. आणि हे मीटर लवकर थांबेल असं समजू नका. अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं १८६५मध्ये. त्यात लढलेल्या एका सैनिकाला उतारवयात मुलगी झाली, तिला वडिलांच्या नावाने महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट मिळत राहिले, आणि ती नव्वदाव्या वर्षी वारली तेव्हा साल होतं २०२०. युद्ध संपल्यानंतर १५५ वर्षं! व्हिएतनाम युद्ध संपलं १९७५मध्ये. तेवढीच वर्षं मिळवा: २१३०.