जसा माल तशी गाडीची मांडणी

उमरखेड तालुक्यांत बैलगाडीचें बरेंच काम आतां लहान मोटारगाड्यांनीं उचललें आहे. 2005 सालीं निघालेला, सुमारें 750 किलो भार वाहणारा ‘छोटा हत्ती’ त्यांतलाच. परंतु एकाच उघड्या हौद्यांत सर्व जिन्नस कोंबणें हितावह नाहीं.

कापूस हलका पण फुगीर. त्यास काढतां-घालतां येणारे उंच जाळीचे कठडे असावे. प्लॅस्टिकच्या गोण्यांचे धागे मिसळल्यास प्रत उतरते, म्हणून झांकण सुती घ्यावें. हळदीस ओल लागूं नये यासाठीं तळाशीं फळ्या व वर ताडपत्री घालावी. पंप दुरुस्त करणाऱ्यानें जड हत्यारें तळाशीं व किरकोळ सामान खणांत ठेवावें.

फवारणीच्या औषधांविषयीं मात्र आम्ही आग्रहानें सांगतों. 2017 सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं. यास्तव औषधांस अखंड तळाची, कुलुपाची पत्र्याची पेटी हौद्यांतच निराळी करावी; चालकाजवळ तीं ठेवूं नयेत. धान्य, पेंड व शिदोरी तिजपासून दूर असावी. साबण, हातमोजे व स्वच्छ पाणी यांस दुसरा खण ठेवावा.

गाडीचा सांगाडाच बदलावयाचा असल्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी आधीं घ्यावी. हें सर्व काम शेतकरी बंधूंनीं पेरणीपूर्वींच उरकावें, अशी आमची सूचना आहे.