गावची भाजी गावात विका

पहाटे गावातली वांगी टेम्पोने शहराच्या मार्केट यार्डात जातात आणि दोन दिवसांनी तसलीच वांगी आपल्याच आठवडे बाजारात व्यापाऱ्याच्या पालावर दिसतात. जाण्याचे भाडे, हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, येण्याचा खर्च गिऱ्हाईक भरतं. माल सुकलेला तो वेगळाच!

फळे-भाजीपाला 2016 साली राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले. तेव्हा अडचण कायद्याची नाही, जागेची आहे. मोक्याचे ओटे ठरलेल्या व्यापाऱ्यांचे, आपला माणूस पाटी घेऊन उन्हात कडेला. ग्रामपंचायतीने बाजारकराचा लिलाव करतानाच दोन ओटे उत्पादकांसाठी राखून ठेवण्याची अट घालावी.

शेतकऱ्यांनीही पाच-सहा जणांत भाज्या वाटून घ्याव्यात. सगळ्यांची कोथिंबीर एकाच दिवशी निघाली तर गावात खपणार कशी? काटा वैधमापनचा शिक्का असलेलाच ठेवा. आणि "घरचीच हाय की, पैसे कसले घेतोस?" म्हणणाऱ्या भावकीला पहिल्याच दिवशी भाव सांगून टाका.